गरजू मुलाचा बार मित्झ्वा: मदत करायची तर सुरुवात कुठून करावी

इस्रायलमध्ये नव्याने आलेली मराठी मंडळी आणि अधूनमधून ठाण्या-मुंबईचे नातेवाईकही विचारतात, "एखाद्या गरीब मुलाचा बार मित्झ्वा आमच्या खर्चाने करायचाय, पैसे कुणाकडे द्यायचे?" आमच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळातल्या, आम्ही काही जणी बरीच वर्षं या कामात आहोत. पैसे कुणाकडे द्यायचे हा प्रश्न दुसरा. आधी कशासाठी द्यायचे ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे घोळ टळतात.

ज्यांना हा विधी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्यू मुलगा हिब्रू पंचांगाप्रमाणे १३ वर्षांचा झाला आणि मुलगी १२ वर्षांची झाली की धर्माची बंधनं पाळण्याची जबाबदारी त्यांच्या स्वतःवर येते. मुलगा होतो 'बार मित्झ्वा', मुलगी 'बात मित्झ्वा'. आपल्याकडे लोक याला पटकन मुंजीसारखं म्हणतात, पण मुंज लावावी लागते. बार मित्झ्वा वय झालं की आपोआप होतो, त्याला हॉल लागत नाही, जेवणावळ लागत नाही, दाता तर मुळीच लागत नाही. म्हणून "आम्ही त्या मुलाचा बार मित्झ्वा करून दिला" असं कुणी म्हणालं की मला खटकतं. गरिबीमुळे अडतं ते वेगळंच. तोरा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथ, वाचायला शिकवणारा शिक्षक परवडत नाही, तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामड्याच्या डब्या) घेता येत नाहीत, आणि सातवीच्या वर्गात दर महिन्याला कुणा ना कुणाची डीजे-व्हिडिओवाली पार्टी होत असताना आपल्या घरी काहीच नाही ही गोष्ट मूल लपवत फिरतं. मदत या तीन ठिकाणी पोचली पाहिजे, आणि याच क्रमाने.

१. आधी तारीख काढा

इंग्रजी वाढदिवस धरून हॉल बुक करू नका. हिब्रू जन्मतारीख काढा. त्यासाठी जन्मदाखला लागतो, आणि जन्म सूर्यास्ताआधीचा की नंतरचा हेही विचारावं लागतं, कारण हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. हेबकॅलसारख्या संकेतस्थळावर तारीख बदलून मिळते, पण शेवटचा शब्द रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा.

अदार महिन्यात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. अधिक महिन्याच्या वर्षात दोन अदार येतात. साध्या वर्षी अदारमध्ये जन्मलेल्या मुलाचा बार मित्झ्वा अशा वर्षी दुसऱ्या अदारमध्ये धरतात. ५७८७ हे हिब्रू वर्ष, म्हणजे २०२६-२७, असंच दोन अदारांचं आहे.

समारंभ तारखेनंतर कितीही उशिरा चालतो. वडील आजारी आहेत, मुलाची तयारी झालेली नाही, तर दोन महिने थांबा. वय पूर्ण होण्याआधी मात्र करू नका. हाताशी किमान आठ-दहा महिने असावेत, वर्ष असेल तर उत्तम. "पुढच्या महिन्यात आहे, काहीतरी करा" असा फोन आला की मग फक्त जेवण घालता येतं, शिकवणं राहून जातं.

२. मूल शोधू नका, संस्था शोधा

"आमच्या बिल्डिंगमध्ये एक कुटुंब आहे, त्यांनाच देतो" हे ऐकायला बरं वाटतं. पण मग तुम्ही दाते आणि ते उपकृत, आणि दोघं रोज एकाच लिफ्टमध्ये. रामबाम या मध्ययुगीन ज्यू विद्वानाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यात देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचा पत्ता नसणं ही वरून दुसरी पायरी. सर्वात वरची म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन स्वतःच्या पायावर उभं करणं. बार मित्झ्वाच्या मदतीत ती वरची पायरी क्वचितच जमते, दुसरी मात्र सहज जमते. मध्ये कुणीतरी ठेवा: नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्याची समाजसेविका, शाळेची समुपदेशक, सिनेगॉगचे गब्बाई (व्यवस्था पाहणारे) किंवा नोंदणीकृत संस्था.

संस्था निवडताना तिचं काम नेमकं कुणासाठी आहे ते पाहा. १७८८ पासून चालत आलेली कोलेल खबाद ही संस्था आई किंवा वडील गमावलेल्या मुलामुलींचा सामुदायिक सोहळा जेरुसलेमला करते. सैनिकांच्या विधवा आणि मुलांची स्वतंत्र संघटना आहे, ती या वयाच्या मुलांना एकत्र परदेशी सहलीला नेते. विशेष गरजा असलेल्या मुलांना तयार करण्याचा मसोर्ती या मध्यममार्गी ज्यू चळवळीचा कार्यक्रमही जुना आहे. यांच्याखेरीज गावोगावच्या लहान संस्था आहेत. माझा ओढा लहान संस्थांकडे आहे, कारण तिथे शिक्षकाचा पगार कुणी दिला आणि तेफिलिन कुठून आले हे सांगणारा माणूस फोनवर भेटतो.

इस्रायली संस्थेला, म्हणजे अमुताला, पैसे देण्याआधी एवढं बघा:

- नोंदणी क्रमांक. तो ५८ ने सुरू होतो. गाइडस्टार या सरकारी संकेतस्थळावर टाकला की संस्थेची माहिती आणि हिशेब दिसतात.
- 'निहुल ताकिन', म्हणजे कारभार नीट चालल्याचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र.
- करसवलत हवी असेल तर इस्रायली प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४६ची मान्यता. ठरावीक किमान रकमेच्या वर दिलं की देणगीच्या ३५ टक्के रक्कम करातून वजा होते. पावती त्याच कलमाची आहे ना, ते बघून घ्या.

३. पैसा देश ओलांडणार असेल तर

इथे लोक हमखास अडकतात. भारतातून इस्रायलमधल्या संस्थेला पाठवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली पाठवता येतात, पण त्या देणगीवर भारतात प्राप्तिकराची वजावट मिळत नाही.

उलट दिशेचा मामला जास्त नाजूक. तुम्ही इस्रायली नागरिक आहात आणि मुंबईतल्या किंवा कोकणातल्या सिनेगॉग-ट्रस्टला पैसे पाठवताय. ती परदेशी देणगी ठरते, आणि ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे भारताच्या परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्यांना ती घेताच येत नाही. तुमच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी नियम तोच, कारण कार्डधारक हा भारतीय नागरिक नव्हे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. म्हणून आधी ट्रस्टींना विचारा, मग बँकेत जा. "मावशीच्या खात्यावर टाका, ती देईल ट्रस्टला" असली युक्ती करू नका. अडचण तुमची नाही, ट्रस्टची होते.

४. खर्चाचा क्रम ठरवा

शिक्षक, तेफिलिन, कपडे-बूट, सिनेगॉगमधला किद्दुश (प्रार्थनेनंतरचं छोटं खाणं), आणि उरलं तर हॉल. बहुतेक दाते उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण हॉलचे फोटो येतात, शिक्षकाचे येत नाहीत.

तेफिलिनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण फसवणूक सर्वात जास्त इथेच होते. काळ्या चामड्याच्या दोन डब्या, एक दंडावर बांधायची, एक कपाळाच्या वर. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेले तोरामधले चार उतारे असतात. दंडाच्या डबीत चारही एकाच पत्रावर, डोक्याच्या डबीत चार वेगवेगळ्या कप्प्यांत. लिहिणारा सोफेर एकेक अक्षर क्रमाने लिहितो, एक अक्षर बिघडलं की सगळं बाद. त्यामुळे हे स्वस्त असूच शकत नाही. कोशेर, म्हणजे धर्मनियमांत बसणाऱ्या, जोडीची किंमत साधारण हजार शेकेलच्या आसपास सुरू होते आणि काही हजारांपर्यंत जाते. शे-दोनशे शेकेलला कुणी 'बार मित्झ्वा सेट' देऊ केला तर त्यात छापील कागद असण्याचीच शक्यता जास्त. बाहेरून काही कळत नाही. विश्वासाच्या सोफेरकडून घ्या, तपासणीचा लेखी दाखला मागा.

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा:

- मूल कोणत्या हाताने लिहितं? डावखुरं मूल तेफिलिन उजव्या दंडावर बांधतं, आणि गाठ व पट्टा त्याप्रमाणे वेगळा बसवावा लागतो. हे ऐनवेळी कळलं तर पळापळ होते.
- घरातली परंपरा कोणती? सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) आणि अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) लिपीत फरक असतो, पट्टा गुंडाळण्याच्या पद्धतीतही. आपण बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, सेफार्दी पद्धतीने चालतो म्हणून सगळ्यांना तसंच घेऊ नका. मूल इथियोपियातून आलेल्या कुटुंबातलं असेल, बुखाराचं असेल, तर त्यांच्या रब्बींना विचारा.
- आजोबांचे जुने तेफिलिन घरात आहेत का? असतील तर आधी सोफेरकडून तपासून घ्या. दुरुस्तीचा खर्च नव्या जोडीपेक्षा बराच कमी येऊ शकतो, आणि मुलाला आजोबांची वस्तू बांधायला मिळते.

तालीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, हाही परंपरेचाच प्रश्न. आपल्याकडे मुलगा ती घेतो. बऱ्याच अश्केनाझी घरांत लग्नानंतरच घेतात. न विचारता भेट दिली तर कपाटात पडून राहील.

५. शिक्षक

तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, आणि वाचायचं ते ठरलेल्या सुरात. ते सहा महिन्यांहून कमी वेळात साधणं कठीण. शिक्षकाशी आधीच ठरवून घ्या की मूल किती वाचणार. आठवड्याची पूर्ण पाराशा (तोराचा त्या आठवड्याचा भाग), की फक्त मफ्तीर (त्यातला शेवटचा तुकडा) आणि हफ्तारा (प्रेषितांच्या ग्रंथातला उतारा), की वाचन दुसऱ्याने करायचं आणि मुलाने तोरापाशी वर जाऊन आधीचा-नंतरचा आशीर्वाद म्हणायचा. तिसरा पर्याय कमीपणाचा नाही. मोठी माणसंही दर शनिवारी तेवढंच करतात. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला दात्यांच्या हौसेखातर पूर्ण पाराशा घोकायला लावू नका.

शिक्षक मुलाच्या घराण्याच्या सुराचा हवा. येमेनी सूर शिकून मूल मोरोक्कन सिनेगॉगमध्ये उभं राहिलं तर कुणी रागावणार नाही, पण आजोबांना तो आपला वाटणार नाही. रेकॉर्डिंग फोनवर घेऊन ठेवा, घरी वाचून घेणारं कुणी नसेल तर तेवढाच आधार. आणि आवाज फुटण्याचं वय हेच असतं, तेव्हा शिक्षकाला पट्टी थोडी खालची धरायला सांगा.

६. वार आणि जागा

तोरा शनिवारी वाचतात, तशीच सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही. गरजू कुटुंबांसाठी सोमवार-गुरुवार मला जास्त सोयीचा वाटतो. वाचन लहान असतं, तीनच जण वर जातात, हफ्तारा नसतो. तेफिलिन बांधता येतात, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ते बांधत नाहीत. फोटो काढता येतात. नातेवाईक बसने येऊ शकतात. शब्बाथला फोटो नाही, फोन नाही, गाडी नाही, आणि लांबून येणाऱ्यांची दोन दिवस राहण्या-जेवण्याची सोय तुमच्या गळ्यात. तरीही कुटुंबाला शब्बाथच हवा असेल तर शब्बाथ. त्यांचा समारंभ आहे.

पेसाख आणि सुकोथ या सणांच्या मधल्या दिवसांत सुट्ट्या असतात म्हणून तारीख तिथे ढकलू नका. त्या दिवसांत सेफार्दी लोक तेफिलिन बांधत नाहीत. पेसाखनंतरच्या ओमेरच्या दिवसांत आणि तिशा बआव या शोकदिवसाच्या आधीच्या तीन आठवड्यांत गाण्या-बजावण्यावर बंधनं असतात, तेव्हा रब्बींना विचारूनच वाद्यवाले सांगा.

जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीशी, कोतेलला, करायची खूप जणांची इच्छा असते. तिथे प्रार्थनेला फी नाही, गुंडाळ्या आणि टेबलं तिथेच मिळतात. शोफार (शिंगाचं वाद्य), ढोल, छत्र, मिरवणूक, फोटोग्राफर यांचं पॅकेज विकणारे एजंट वेगळे. ते घेतलंच पाहिजे असं काही नाही. पुरुषांचा आणि स्त्रियांचा भाग वेगळा असतो, त्यामुळे आईला मधल्या आडोशावरून, बहुधा खुर्चीवर चढून, बघावं लागतं. एकट्या आईने वाढवलेल्या मुलाच्या बाबतीत हे आधी बोलून घ्या. टेबल आडोशाला चिकटून मिळेल असं सकाळी लवकर पोचा. कुटुंबाला स्त्री-पुरुष एकत्र उभं राहायचं असेल तर रॉबिन्सनच्या कमानीजवळ वेगळी जागा आहे. वयस्कर आजी असतील तर मात्र मी सरळ गावातलंच सिनेगॉग सुचवते.

७. समारंभाच्या दिवशी

मुलाला तोरापाशी नावाने बोलावतात, 'अमुक बेन तमुक', म्हणजे वडिलांच्या हिब्रू नावासकट. ते नाव आधी लिहून गब्बाईंच्या हाती द्या. वडील नसतील, सोडून गेले असतील किंवा तुरुंगात असतील, तर माइकवरून "वडील कुठे आहेत?" असा पुकारा होणार नाही एवढं बघा. वडील एक छोटा आशीर्वाद म्हणतात, यापुढे मुलाच्या कर्माची जबाबदारी माझ्यावर नाही अशा अर्थाचा. वडील नसतील तर काय करायचं ते रब्बींना आणि मुलाला दोघांनाही विचारा. शेजारी आजोबा किंवा मामा उभा राहिला तर मूल सावरतं.

निमंत्रणपत्रिका कुटुंबाच्या नावाने. फलकावर दात्याचं नाव नको, संस्थेचा लोगोही नको. पाहुण्यांचं स्वागत आईने करावं, तुम्ही जेवायच्या रांगेत उभं राहा. 'देणगीदारांना दाखवायला' मुलाचे फोटो मागणाऱ्या संस्थेला नाही म्हणा. वर्गमित्रांच्या फोनवर तो फोटो पोचायला वेळ लागत नाही.

सामुदायिक सोहळ्याबद्दल दोन मतं आहेत. स्वस्त पडतो, थाट मोठा होतो, आणि आपल्यासारखी इतरही मुलं आहेत हे मुलाला दिसतं. पण शंभर जणांत त्याचं वाचन कुणी ऐकत नाही. जमल्यास दोन्ही करा: सोहळा सगळ्यांबरोबर, आणि तोरापाशी पहिलं जाणं स्वतःच्या सिनेगॉगमध्ये, एकट्याचं.

जेवण कोशेर प्रमाणपत्र असलेल्या केटररकडूनच. घरचं आणायचं असेल तर सिनेगॉगला आधी विचारा. बेने इस्रायल कुटुंब असेल तर मलिद्याची सोय ठेवा. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, फळं, आणि प्रेषित एलियाहू हन्नाबीचं गाणं. खर्च किरकोळ, आणि आजीला जे हवं असतं ते बहुधा एवढंच. मांसाच्या जेवणानंतर दुधाचं गोड चालत नाही, म्हणून नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा बरा पडतो. वाचन झाल्यावर मुलावर गोळ्या-चॉकलेटं उधळतात. मऊ गोळ्या आणा. कडक गोळी हज्जानच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याच्या, चष्म्याला लागते.

८. मुलींना विसरू नका

मुलीचं वय १२, म्हणजे तयारी वर्षभर आधीची. ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ परंपरेच्या, सिनेगॉगमध्ये मुलगी तोरा वाचत नाही. ती छोटं प्रवचन करते, 'हल्ला' या शब्बाथच्या पावाच्या पिठातला भाग वेगळा काढण्याचा विधी करते, मग जेवण. रिफॉर्म (सुधारणावादी) आणि मसोर्ती सिनेगॉगमध्ये ती मुलांसारखीच वाचते. १८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये जुडिथ कॅप्लान या मुलीने सिनेगॉगमध्ये वाचन केलं, तिथपासून ही प्रथा हळूहळू पसरली. तेफिलिनचा खर्च नाही म्हणून मुलीचं अंदाजपत्रक निम्मं करणारी माणसं मी बघितली आहेत. तो पैसा तिच्या शिक्षकाला द्या.

९. हे प्रश्न मुलाला विचारू नका

माजी सोव्हिएत देशांतून आलेल्या काही कुटुंबांत मुलाची नोंद ज्यू म्हणून झालेली नसते. काही सिनेगॉग आई-वडिलांचा केतुबा, म्हणजे विवाहपत्र, मागतात. हे सगळं समाजसेविका आणि रब्बी यांच्यात मिटू द्या. आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. १९६०च्या दशकात इथल्या रब्बीमंडळाने बेने इस्रायलच्या ज्यूपणावर शंका घेतली होती, लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ मध्ये क्नेसेतमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, तो प्रश्न आपल्या बाजूने मिटला.

१०. मुंबई, ठाणे, कोकण

तिथली गरज वेगळी आहे. समाज काही हजारांचा, मुलं थोडी. मुंबईचं शाआर हारहमीम १७९६ चं, ठाण्याचं शाआर हाशमायीम १८७९ चं. वास्तू आहेत, पण वाचून शिकवणारे हज्जान मोजके, आणि अलिबाग-रेवदंड्याकडे सामुदायिक प्रार्थनेला लागणारा दहा पुरुषांचा मिन्यान जमवणं हेच मोठं काम. तिथे मदत करायची तर हॉलचा विचार सोडा. शिक्षकाच्या जाण्या-येण्याचं भाडं, आणि त्या दिवशी मुंबईहून दहा जणांना घेऊन जाणारी गाडी, एवढं करा.

जवळ ठेवायची कागदपत्रं आणि माहिती

- जन्मदाखला किंवा ओळखपत्राची पुरवणी, जन्माची वेळ
- मुलाचं, वडिलांचं, आईचं हिब्रू नाव
- परंपरा, सिनेगॉग, गब्बाईंचा फोन
- लिहिण्याचा हात, कपड्यांचं आणि बुटांचं माप
- अन्नाची अ‍ॅलर्जी
- पालकांची लेखी संमती, फोटोबद्दलची वेगळी
- तेफिलिनचा तपासणी दाखला, सर्व पावत्या

११. समारंभानंतर

पाहुणे १८ च्या पटीत पैसे देतात, कारण हिब्रूत 'खाय', म्हणजे जीवन, या शब्दाची बेरीज १८ होते. हे पैसे मुलाचे. समारंभाचा खर्च त्यातून वळता करू नका. त्याच्या नावाने बँकेत टाकायला आईला मदत लागली तर समाजसेविका करते.

शिक्षक समारंभाच्या दिवशीच बंद करू नका, पुढचे दोन-तीन महिने तरी चालू ठेवा. रोज सकाळी तेफिलिन बांधायची सवय त्याच काळात लागते, नाहीतर ते पिशवीतच राहतात. पट्ट्यांचा काळा रंग उडतो, डबीचे कोपरे झिजतात, आणि दर काही वर्षांनी आतलं लिखाण सोफेरकडून तपासून घ्यावं लागतं. त्या पहिल्या तपासणीचे पैसे सुरुवातीच्या देणगीतच बाजूला काढून संस्थेकडे ठेवा, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ते मागायला कुणाच्या दारात जावं लागणार नाही.